नावाची बाजू

सोनाजीनं पुसेगावात स्लॅबचं घर बांधलं, त्या वर्षी वास्तुशांतीला त्याचे थोरले भाऊ मुंजाजीबुवा औंढ्याहून कुकर घेऊन आले. बुवा म्हणजे चार गावांतून कीर्तनाला बोलावणं येणारा माणूस. देतील ते मुकाट्यानं कसं देतील? कुकरच्या पोटावर भांड्याच्या दुकानातून ठसठशीत अक्षरं कोरून आणली होती: 'ह.भ.प. मुंजाजीबुवा यांजकडून सप्रेम भेट.' दारातून वाचता यावीत एवढी मोठी. आपल्याकडे भांडं फुकट मिळतं, नाव मात्र जन्मभर घासत बसावं लागतं.

सोनाजीची बायको गोजरबाई. तिनं कुकरचं झाकण दोनदा लावून पाहिलं आणि तो फळीवर ठेवून दिला. नव्वद सालानंतरचे ते दिवस, आणि पंचक्रोशीत कुकर फुटल्याच्या गोष्टी भुतांच्या गोष्टींना मागं टाकत होत्या. कुठं झाकण उडून छतात रुतलं, कुठं सासूच्या कपाळावर डाळ उडाली. कोणाच्या सासूच्या, ते कोणी सांगत नव्हतं. त्यामुळे वरण पातेल्यात, भात पातेल्यात, आणि कुकर आपला फळीवरून बघत बसलेला. दसऱ्याला तेवढी त्याला चिंचेनं आंघोळ मिळायची.

अशी बरीच वर्षं गेली. सोनाजीची एकुलती एक लेक प्रतिक्षा बारावी झाली आणि म्हणाली, "पोलीस भरती देते." हिंगोली वेगळा जिल्हा झाला होता, भरती आता हिंगोलीतच व्हायची, लांब जायला नको. सोनाजी म्हणाला, "दे." त्याला वाटलं, बसून पेपर लिहायचा असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरगी ट्रॅक पँट घालून सेनगाव रोडनं पळायला निघाली, तेव्हा त्याला कळलं की आपण कशाला हो म्हणालो. पण शब्द गेला होता. सोनाजी शब्द मोडायला भ्यायचा. द्यायलाही भ्यायचाच, त्या दिवशी तेवढा चुकला.

गोजरबाईला मात्र ही भरती पोरीपेक्षा जास्त पाहिजे होती, आणि त्याला कारण एक शेळी होती. मागं कधीतरी गोजरबाईची शेळी चोरीला गेली. सोनाजी तापानं पडलेला, म्हणून ती एकटीच ठाण्यात गेली आणि दाराशी पदर सावरत उभी राहिली. खाकीतल्या एका तरण्या पोरीनं स्वतःची खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाली, "बसा मावशी. सांगा." शेळी काही सापडली नाही. पण गोजरबाईला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीवर बसवून 'सांगा' म्हणालं होतं. लग्न झालं तेव्हा नाही विचारलं, शेत विकलं तेव्हा नाही, घर बांधलं तेव्हाही चूल कुठं पाहिजे एवढं सुद्धा नाही. आपली लेक त्या खुर्चीवर पाहिजे, हे तिनं त्याच दिवशी मनात धरलं. घरात बोलली नाही. घरात बोलून काय होतं?

पण नुसतं मनात धरून पोरगी पळत नसते. शेवटच्या फेरीला प्रतिक्षा पोट धरून खाली बसायची. दूध झालं, गूळ-शेंगदाणे झाले, मेथीचे लाडू झाले. भरतीची तयारी करणाऱ्या हिंगोलीच्या पोरींनी तिला सांगितलं, "अंडी खा. उकडलेली. त्याबगर दम येत न्हाई."

आता आली का पंचाईत. घर माळकऱ्याचं. सोनाजीच्या गळ्यात तुळशीची माळ, बुवांच्या गळ्यात तर दोन. या घरात अंडं हा शब्द उच्चारायचा म्हटलं तरी लोक आधी मागं वळून बघायचे.

निंदणीला तांड्यावरची पारुबाई यायची. तिच्या घरी कोंबड्या. गोजरबाईनं बांधावर बसून तिच्या कानात सांगितलं, तर पारुबाई हसायलाच लागली. "एवढं काहून भेता बाई? अंडं काय वरडून सांगते का, मी आलं म्हणून?" दुसऱ्या दिवशी भाकरीच्या फडक्यात बांधून अंडी आली.

अंडी आली, पण उकडायची कशात? घरातलं पातेलं घेतलं तर ते बाटणार, त्यात नैवेद्याची खीर होते. नवं भांडं आणलं तर सोनाजी विचारणार. गोजरबाईची नजर फळीवर गेली. ज्या भांड्यात आजवर काही शिजलंच नाही, देवाचं नाही की माणसाचं नाही, ते बाटेल कसं? हिशोब अगदी बराबर होता. त्यावर नाव कोणाचं आहे, एवढंच हिशोबात धरायचं राहिलं.

ते तिला गोठ्यामागं स्टोव्ह पेटवल्यावर दिसलं. आत चार अंडी, आणि बाहेरून ह.भ.प. मुंजाजीबुवा तिच्याकडे बघतायत. दुसरं भांडं नव्हतं आणि पोरगी पळून येतच होती. गोजरबाईनं हात जोडले, कुकर गरकन फिरवला, नावाची बाजू गोठ्याच्या भिंतीकडं केली आणि झाकण लावलं.

पहिल्या खेपेला अंडी आत आपटून फुटली, पांढरं सगळं पाण्यात पसरलं. मग तिनं डोक्यावर घागर घेताना ठेवायची कापडाची चुंबळ कुकरच्या तळाशी ठेवली, वर अंडी मांडली, बेताचं पाणी घातलं. एक शिट्टी झाली की खाली उतरवायचं. झाकणाला हात लावायचा नाही, म्हशीची धार काढून होईपर्यंत वाफ आपली आपण जिरते. मग अंडी थंड पाण्यात. पारुबाईची अंडी त्याच दिवशीची. ताजं अंडं साध्या पाण्यात उकडलं तर लई चिवट, टरफलाबरोबर निम्मं सोलून जातं. कुकरातलं मात्र बोट लावलं की टरफल सुटायचं आणि आतून गुळगुळीत, पांढरं अंडं हातात यायचं. गोजरबाईला त्याचं असं कौतुक वाटायचं की जीभ चावायची. स्वतः तिनं कधी तोंडात घातलं नाही. टरफलं उकिरड्यात खोल पुरायची.

सगळं लपलं, शिट्टी तेवढी लपली नाही. सोनाजी ओसरीतून विचारायचा, "काय शिजून राहिलं?"

"आलू," गोजरबाई म्हणायची.

रोज आलू शिजतात आणि ताटात कधीच येत नाहीत, याचं सोनाजीला कधी नवल वाटलं नाही. वाटलंही असेल. तो भित्रा होता, बावळट होता असं कुठं आहे?

प्रतिक्षाचे गाल भरले, दम वाढला, शेवटची फेरी ती हसत काढायला लागली. भरती आठवड्यावर आली आणि नेमके त्याच दिवसांत मुंजाजीबुवा येऊन धडकले. औंढ्यात त्यांना कोणीतरी गाठून सांगितलं होतं, तुमची पुतणी पँट घालून रोडनं पळून राहिली म्हणून. बुवा येताना खिशात डोंगरकड्याचं एक स्थळ घेऊन आले होते.

ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि आधी जेवणाचं बोलले. "सोन्या, दात गेले माझे. पातेल्यातलं चावत न्हाई. तो आपला कुकर हाय ना? त्यात डाळ-भात मऊ करायला सांग."

आत गोजरबाईच्या हातातली परात खाली पडली.

थोरला दीर म्हणजे भासरा. भासऱ्यापुढं पदर कपाळाखाली, आणि थेट बोलणं तर नाहीच. काही सांगायचं तर दाराआडून, लेकराच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडून. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी बुवांनी तिचा आवाज नीट ऐकला नव्हता. आता त्यांना ती काय म्हणणार होती? की भाऊजी, तुमच्या नावाच्या भांड्यात रोज काय शिजतं?

ती मागच्या दारानं गोठ्याकडं पळाली. कुकर चिंचेनं घासला, राखेनं घासला, गोमूत्र शिंपडलं, तुळशीचं पान टाकून विसळला. झाकणातलं रबर नाकाला लावलं, तर वास जसाच्या तसा. रबराचं काय करावं? विस्तवानं सगळं शुद्ध होतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं ते चिमट्यात धरून गोवरीच्या निखाऱ्यावर फिरवलं. विस्तवानं सगळं शुद्ध होतं, रबर मात्र होत नाही. ते आक्रसलं, धुरावलं आणि चिमट्यालाच चिकटून बसलं.

आता मागं फिरायला जागा नव्हती. तिनं स्टोव्ह स्वयंपाकघरात आणला, डाळ-तांदूळ धुऊन कुकर बिनारबराचाच त्यावर चढवला आणि दाराला पाठ लावून बसली. प्रतिक्षा शेजारी कोथिंबीर निवडत होती. ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं.

"लोकं तोंडावर हसून राहिले माझ्या," बुवा म्हणत होते. "उद्यापासून तिचं पळणं बंद. डोंगरकड्याचे लोक रविवारी बघायला येऊन राहिले. घर माळकरी हाय, पोरगं निर्व्यसनी."

"भरती आठ दिवसांवर आलीय, दादा."

"त्याचं काय?"

सोनाजीनं गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाला, "न्हाई, काही न्हाई. तुमी म्हणता ते बराबर."

प्रतिक्षाच्या हातातली काडी थांबली. गोजरबाईनं लेकीकडं पाहिलं. ती खुर्ची, इतकी जवळ आलेली, एका 'बराबर'नं गेली होती. तिला रडू आलं, त्याहून जास्त राग आला, आणि कुकर चारी बाजूंनी फुसफुस करत होता.

"काय होऊन राहिलं? शिट्टी काहून न्हाई?" बुवांना भूक लागली होती.

"रबर खराब झालंय, मोठे बाबा," प्रतिक्षानं आतून सांगितलं.

"मंग कशाची होते शिट्टी. बिनारबराचा कुकर म्हणजे पातेलंच." बुवांचा आवाज एकदम कीर्तनाचा झाला. माहितीतला विषय निघाला की त्यांना आवरत नसे. "आमच्याकडं रोज लागतो, मला इचार. एक शिट्टी होऊ द्यायची. उतरवायचा. वाफ जिरू द्यायची, घाई न्हाई करायची, घाईनं सगळा नास होतो. मंग उचलून थंड पाण्यात टाकायचं. टरफल कसं, नुसतं बोट लावलं की..." आणि बुवांनी अंगठा आणि दोन बोटं एकत्र करून हवेत काहीतरी गोल सोललं.

आणि हात तसाच राहिला.

मग सोनाजीनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "डाळीला टरफल असतं का, दादा?"

"शेंगा. भुईमुगाच्या शेंगाचं म्हणून राहिलो मी."

"शेंगा थंड पाण्यात टाकाव्या लागतात?"

"तू गप बस."

गोजरबाई उठली. पदर कपाळाखाली होता तसाच राहू दिला, पण पाय उंबऱ्याच्या बाहेर टाकला आणि नवऱ्याकडं नाही, लेकीकडं नाही, सरळ बुवांकडं तोंड करून बोलली.

"भाऊजी, शेंगा आत आपटून फुटू नये म्हणून तुमच्याकडं खाली काय ठेवता? आमी चुंबळ ठेवतो."

बुवांनी तिच्याकडं पाहिलं. मग देवाच्या कोनाड्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही माळांकडं. गोजरबाई हलली नाही. वीस वर्षांत ती एवढा वेळ भासऱ्यासमोर उभी राहिली नव्हती.

"जनका फडकं ठेवते," बुवा खालच्या आवाजात म्हणाले. जनका म्हणजे त्यांची बायको. "डाक्तरनं सांगितलंय. दात न्हाईत, ताकद कुठून यावी?"

"फडकं सरकतं," गोजरबाई म्हणाली. "चुंबळ बरी. आमची पोरगी बी रोज शेंगाच खाते, भाऊजी. पळायला दम लागतो."

सोनाजी खांबाला टेकून छताकडं बघत होता. आज त्याला छतात फारच काही दिसत असावं.

बुवांनी घसा साफ केला. "सोन्या, भरतीचं एकदाचं होऊन जाऊ दे. पोरगी पळून राहिली तर पळू दे. स्थळ कुठं पळून जातं?"

"तुमी म्हणता ते बराबर, दादा," सोनाजी म्हणाला.

डाळ शेवटी पातेल्यातच शिजली, आणि बुवांनी ती दात नसतानाही खाल्ली.

प्रतिक्षा भरती झाली. यादीत नाव लागलं त्या दिवशी गोजरबाई गोठ्यामागं जाऊन पोटभर रडली. गावानं मारुतीच्या पारावर सत्कार ठेवला, आणि बोलायला अर्थात बुवाच. ते उभे राहिले आणि भरभरून बोलले. अंडी-मटणानं ताकद येते म्हणणारे अडाणी आहेत, म्हणाले. ही बघा आपली लेक, माळकऱ्याच्या घरची, शुद्ध शाकाहारावर वाढलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांत बसलेल्या पारुबाईनं तोंडात पदर कोंबला.

सत्कारानंतर बुवा घरी चहाला आले. चहा झाल्यावर एकटेच उठून गोठ्यामागं गेले. गोजरबाई तिथं स्टोव्ह पुसत होती. बुवांनी खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढं धरली. आत कुकरचं नवंकोरं रबर होतं.

"डाळीसाठी," बुवा म्हणाले.

"व्हय," गोजरबाई म्हणाली.

बुवा जाईनात. कुकर भिंतीशी होता, काजळीनं काळा झालेला. ते त्याच्याकडं बघत घुटमळले.

"आणि ते नाव हाय माझं त्याच्यावर. शेंगा लावताना नावाची बाजू जरा भिंतीकडं करत जा."

"पहिल्या दिवसापासून भिंतीकडंच हाय, भाऊजी."