कापसाची गादी

कोंबड्यांमधलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी कामरगावच्या बाजारातून दहा पिल्लं आणली, खोक्यावर बल्ब टांगला आणि खाली घरचाच कापूस पिंजून जाड अंथरला. नाजूक जीव म्हटला की आमच्या हाताला आधी कापूसच सुचतो. मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार टाका, असं बायको म्हणत होती. मी तिच्यावरच खेकसलो, "एवढ्याशा जिवाले कुटार टोचते!"

सकाळी पाहतो तर एक पिल्लू आडवं पडून ओरडत होतं. कापसाचे तंतू त्याच्या दोन्ही पायांना गुंडाळून पीळ बसला होता. बायकोने सुई आणून दिली. सुईच्या टोकाने मी एकेक तंतू सोडवला. पाय मोकळे झाले की ते पळेल असं वाटलं, पण ते माझ्याच तळहाताखाली शिरलं आणि झोपलं. चहा निवला, तरी मी हात हलवला नाही.

खोक्यात कुटार पसरता पसरता बायको म्हणाली, "आपल्या लेकरायले तं कधी असं झोपवलं नाही तुमी."