हरताळाच्या दिवशीचा करंट

मुकादमाने माझ्या जोडीदाराला, सदूला फसवलं, आणि वर दोषही सदूवरच ढकलला. आज माझ्या दुकानात वायर जळाली आणि त्या दिवशीचाच जळक्या रबराचा वास आला.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. लालबागच्या बंद गिरणीत आम्ही दोघे वायरमन केबल जोडायला गेलो. करंट तपासायला सदूने टेस्ट लॅम्प मागितला. कोठीच्या किल्ल्या खुळखुळवत मुकादम म्हणाला, "अरे, गिरणीच बंद! करंट काय एकटाच कामावर आलाय?"

सदूही हसला आणि शिडी चढला. त्याच केबलवर साहेबांच्या ऑफिसातला पंखा फिरत होता. करंट लागून सदू शिडी धरलेल्या माझ्याच अंगावर कोसळला, तो गेलाच.

चौकशीत मुकादमाच्या जबानीवरून 'कामगाराचा निष्काळजीपणा' ठरला. सदूची आई मरेपर्यंत विचारत राहिली. तिला नाही सांगितलंत, आता मला तरी सांगा, गिरणीवाल्यांनो: मागितलेला दिवा का दिला नाहीत?