बूड जिकडं, वाट तिकडं

भुताखेतांच्या गप्पा रंगायला लागल्या की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्यांपैकी मी आहे. बीडमध्ये माझं औषधाचं दुकान आहे. कुणी "झपाटलंय हो" म्हणत आलं, तर मी आधी बीपी मोजून घ्या म्हणतो. त्यामुळे इथे हे लिहिताना मलाच जरा ऑकवर्ड होतंय. पण लिहायलाच हवं... कारण मी नाही लिहिलं तर आमचे साडू त्यांच्या पेजवर लिहितील, वर फोटो टाकतील, आणि हीसुद्धा गोष्ट त्यांचीच होऊन बसेल.

साडू म्हणजे मिलिंदराव, माझ्या मेहुणीचे यजमान. पुण्यात असतात, सायकलवर गावोगाव फिरतात, रील्स टाकतात. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. उंच, हसरे, सासूबाईंच्या पाया पडताना थेट जमिनीपर्यंत वाकणारे. बायको मला रोज एकदा तरी ऐकवते, "मिलिंदरावांकडून शिका जरा." मी शिकत नाही. मी जळतो — सरळ सांगतो.

आमचे सासरे, आबा, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. बिंदुसरेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर बावीस इंची काळ्या सायकलीवरून हिंडून गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायचे. मागे कॅरियरला पांढरी पत्र्याची पेटी सुतळीने करकचून बांधलेली. माझं लग्न झालं तेव्हा दुकान नव्हतं, कामही नव्हतं. म्हणून आबा मला बरोबर घ्यायचे. ते पहाटेच पुढे निघायचे. बर्फ उशिरा मिळायचा, म्हणून लसीचा डबा बर्फात घालून मी मागून मोपेडवर जायचो.

तेव्हा मोबाईल नव्हते आणि गाडीवाटांना फाटेच फाटे. मग आबा फाट्यावर लिंबाची डहाळी टाकून ठेवायचे. डहाळीचं तोडलेलं बूड जिकडं, तिकडं वाट. शेंड्याकडं बघायचंच नाही, कारण शेंडा वाऱ्याने हलतो. रात्रीच्या उसाच्या गाड्या अशा चालायच्या म्हणे, पुढचा गाडीवान मागच्यांसाठी खूण टाकायचा. ही खूण आबांची आणि माझी. घरात कुणालाच ठाऊक नव्हती, अगदी माझ्या बायकोलासुद्धा नाही. आबांकडून मला मिळालेलं तेवढंच म्हणा ना.

कारण बाकी सगळं साडूंना मिळालं. आबा चारचौघांत सांगायचे, "मिलिंदराव म्हणजे वाघ. आमच्या सुनीलरावांना चढ झेपत नाही." सगळे हसायचे, मीही हसायचो. गेल्या वर्षी आबा दवाखान्यात होते तेव्हा उशाशी मी होतो, कपाळावरच्या पट्ट्या मी बदलत होतो. आणि आबा डोळे उघडून विचारायचे, "मिलिंदराव आले का?" तेराव्याला साडू म्हणाले, "आबांची सायकल मी नेऊ का? रिस्टोअर करतो." सासूबाई लगेच हो म्हणाल्या. मी तिथेच चहाचे कप गोळा करत होतो. मला कुणी विचारलं नाही.

तर यंदा दिवाळीनंतर साडू आले ते त्याच सायकलीसकट. नवा काळा रंग, नवी सीट, कॅरियर काढून टाकलेला आणि दोन्ही बाजूंना झकपक बॅगा. म्हणाले, "साडू, आबांचा रूट करू या. बिंदुसरेच्या कडेकडेने थेट कपिलधारच्या धबधब्यापर्यंत." आबांचा रूट! तो माझ्या पायाखालचा, आणि आमंत्रण त्यांचं. पण नाही कसं म्हणणार? मी माझी गिअरची सायकल काढली.

सकाळी कंकालेश्वरापासून निघालो. कुंडातल्या पाण्यात देवळाची सावली हलत होती. साडूंनी तिथे व्हिडिओ केला. खजाना विहिरीवर तर कठड्यावर बसून इतिहासच सांगितला. दुष्काळातही हिचं पाणी हटत नाही, आतून बोगदे आहेत वगैरे. मीच त्यांना जेवताना आदल्या दिवशी सांगितलेलं, शब्दाला शब्द. व्हिडिओत मी मागे पाण्याची बाटली धरून उभा आहे.

पाली गावात दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने चहाला थांबवलं. साडू सायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुम्ही या निवांत साडू, मी होतो पुढं." बिनगिअरच्या सायकलीवर गेले की भुर्रकन. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

पाली सोडलं आणि बिंदुसरेच्या धरणाच्या बाजूने आतल्या रस्त्याला लागलो. धरण भरलेलं होतं, काठाने बगळे उभे. पहिल्याच फाट्यावर मी करकचून ब्रेक दाबला.

मातीत लिंबाची डहाळी पडली होती. ताजी, पानं टवटवीत. बूड डावीकडे.

मला भीतीबिती अजिबात वाटली नाही. मला राग आला... असा राग की कान गरम झाले. म्हणजे आबांनी हेही त्यांना सांगितलं होतं! एवढी एक खूण माझी होती, तीही दिली. कधी दिली असेल? दवाखान्यात? मी खाली औषधं आणायला गेलो तेव्हा? मी सायकल डावीकडे घातली ती दात ओठ खातच. पुढच्या फाट्यावर पुन्हा डहाळी. मनात म्हटलं, टाका, टाका. तुम्हीच लेक, तुम्हीच जावई, आम्ही आपले बर्फवाले.

तिसऱ्या फाट्याला रस्ता सरळ कपिलधारकडे जात होता. पण बूड होतं उजवीकडे, ओढ्यात उतरणाऱ्या गाडीवाटेकडे. तिकडे जायचं काहीच कारण नव्हतं. तरी गेलो, कारण साडूंना तोंडावर विचारायचं होतं.

खाली उतरल्यावर जागा ओळखीची वाटली. ओढ्याच्या काठी मोठं करंजाचं झाड आणि त्याच्या बुडाशी बसायला दोन दगड. माझी मोपेड पुढचा चढ चढायची नाही, ढकलावी लागायची. म्हणून त्याआधी आबा इथे माझी वाट बघत बसलेले असायचे. भाकरीचं फडकं सोडायचे नाहीत मी येईपर्यंत. हे मी किती वर्षांत आठवलंच नव्हतं.

झाडापलीकडे मेंढ्या चरत होत्या. राखणारी बाई पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात काठी. मला बघून म्हणाली, "या, बसा बसा. तुमीच का ते जावई?"

मी म्हटलं, "कोणाचे जावई?"

"आत्ता गेला की म्हातारा सायकलीवर. म्हणला, मागनं जावई येतोय माझा, त्येला चढ झेपत न्हाई, हितं जरा बसू द्या त्येला. दगुड बी त्येनीच झाडला बगा."

दगड खरंच स्वच्छ होता, आजूबाजूला करंजाची पानं आणि त्यावर एकही नाही.

मी विचारलं, "म्हातारा? उंच माणूस असेल, निळा शर्ट, हेल्मेट."

"हेल्मेट न्हाई न काय न्हाई. टोपी व्हती पांढरी. काळी सायकल, मागं पांढरी पत्र्याची पेटी बांदलेली."

मी त्या झाडलेल्या दगडावर बसलो. बाईंना विचारलं, तुम्ही इथल्याच का? तर म्हणाल्या, "न्हाई बाबा, आमी आष्टीकडचे. मेंढ्या घेऊन आलोत, हितलं कुनी वळकीचं न्हाई आमच्या."

तेवढ्यात फोन वाजला. साडू वैतागले होते. "अहो कुठं आहात तुम्ही? मी कधीचा कपिलधारला येऊन बसलोय. ट्यूब पंक्चर झाली होती, तीपण बदलून झाली."

"तुम्ही धरणाकडनं नाही आलात?"

"नाही हो, मॅपने हायवेने दाखवलं, तसाच आलो डांबरीवरनं. का?"

मी म्हटलं, या इकडे. लोकेशन पाठवलं. ते येईपर्यंत मी त्या दगडावरून उठलो नाही. आणि आता जे सांगतो ते ऐकून हसा हवं तर. मला भीती वाटायला हवी होती, पण मला आनंद होत होता. माझ्यासाठी आले! वाघासाठी नाही, चढ न झेपणाऱ्यासाठी आले. आयुष्यभर जे वाक्य मला टोचलं, ते आबा इथे माझी काळजी म्हणून बोलून गेले होते.

साडू आले. बाईंनी त्यांच्या सायकलीभोवती एक चक्कर मारली. "सायकल हीच दिसती. पर पेटी कुटाय? आन ह्यो मानूस न्हवं त्यो."

मी साडूंना सगळं सांगितलं, डहाळीची खूणसुद्धा. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. बाईंकडे वळून विचारलं, "मावशी, दुसऱ्या जावयाचं काही बोलले का ते?"

"न्हाई. एकाचंच म्हणला."

साडूंचा चेहरा असा उतरला की काय सांगू. एरवी मला तो बघून गारगार वाटलं असतं. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलंच.

ते दुसऱ्या दगडावर बसले. मग म्हणाले, "साडू, एक सांगू? दवाखान्यात आबांनी मला बोलावलं, बोलावलं म्हणता ना तुम्ही सगळे. मी धावत आलो पुण्याहून. हात हातात घेतला तर मला म्हणाले, सुनीलराव, बर्फ वितळला का हो? शेवटपर्यंत मला सुनीलरावच म्हणत होते. मी कुणाला सांगितलं नाही." नाक शिंकरलं आणि म्हणाले, "म्हणून सायकल मागितली मी. काहीतरी तर माझं पाहिजे ना त्यांचं."

 इतकी वर्षं मी ज्यांच्यावर जळत होतो, तो माणूस माझ्यावर जळत होता. साडू म्हणाले, "ही सायकल घ्या तुम्ही." मी नको म्हणालो. पहिल्यांदाच मला ती नको होती.

घरी आल्याबरोबर मी माळ्यावर चढलो. आबांची पांढरी पेटी आमच्याकडेच असते, बायको त्यात कांदे ठेवते. पेटी होती तिथेच होती, कांद्यांनी भरलेली, वर जळमटं. कुणी हलवल्याची काही खूण नाही. बायको खालून ओरडली, "काय शोधताय?" काय सांगणार!

तुम्ही म्हणाल, दुसरा कुणी म्हातारा असेल, त्याचाही जावई मागून येत असेल. असेल बुवा. काळी सायकल, पांढरी पेटी आणि चढ न झेपणारा जावई, सगळं जुळलं असेल. डहाळ्या कुणी शेळ्यांना टाकल्या असतील. मी औषधवाला माणूस, मीही स्वतःला हेच सांगून बघितलं. त्यानंतर त्या वाटेने कितीदा जाऊन आलो, एकही डहाळी दिसली नाही. ती बाईही मेंढ्या घेऊन पुढे निघून गेली. मला आजही याचा अर्थ लागलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी परतताना साडू नेहमीसारखे पुढे गेले. धरणाजवळच्या फाट्यावर मी आलो तर मातीत लिंबाची डहाळी! मी ब्रेक दाबला. वाकून बघितलं तर बूड पाण्याकडे आणि शेंडा पालीच्या रस्त्याकडे, बाणासारखा. उलटी टाकली होती. वर ती वाऱ्याने उडू नये म्हणून बॅगेतली एक ट्यूबसुद्धा ठेवली होती, पंक्चरवाली.

पुढे वळणावर साडू थांबले होते. लांबूनच ओरडले, "दिसली का खूण?"

"दिसली!" मी ओरडलो.

आणि खाली उतरून ती डहाळी नीट फिरवून ठेवली. आमच्या मागून कुणी येणार नव्हतं, तरीही.