गाण्याला पॉलिशचे पाच हात

माझे मामा सुतार आहेत, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूला पॉलिश करता येतं असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. टेबलाला येतं, दाराला येतं, मग गाण्याला का येऊ नये? त्यांच्या कारखान्याच्या कोपऱ्यात, भुसा बसू नये म्हणून जुन्या चादरीखाली झाकलेला एक कॉम्प्युटर आहे. त्याला जोडलेले लाकडी स्पीकर मामांनी स्वतः बनवलेत. कॉम्प्युटरवर गाणी वाजवायचा प्लेअर, आणि त्या प्लेअरमध्ये आवाज सुधारणारी प्लगइन्स, सगळी इंटरनेटवरून फुकट उतरवलेली. मामा मात्र त्यांना प्लगइन म्हणत नाहीत, पॉलिश म्हणतात.

पहिला हात इक्वलायझरचा. म्हणजे पडद्यावर वरखाली सरकणाऱ्या बटणांची एक रांग. डावीकडची जाड आवाजाची, उजवीकडची बारीक आवाजाची. मामांची उजवीकडची सगळी बटणं छताला टेकलेली असायची. त्यावर दुसरा हात, आवाजाला चकाकी आणणारा. तिसरा धार लावणारा. चौथ्याने गाणारी बाई रिकाम्या सभागृहात उभी राहून गातेय असं वाटायचं. पाचवा काय करतो ते मला कधीच कळलं नाही, आणि विचारलं की मामा म्हणायचे, "तो काढला की कळतं."

असं घासूनपुसून तयार केलेलं गाणं सुरू झालं की कुणीतरी पत्रा कापतंय असं वाटायचं. गिऱ्हाइकं दारातूनच कपाटाचं माप सांगून काढता पाय घ्यायची. मी वरच्या मजल्यावर राहते आणि घरूनच काम करते, त्यामुळे मला पळायलाही जागा नव्हती. तक्रार केली की उत्तर तयार असायचं.

"हल्ली रेकॉर्डिंगच बोथट करतात गं. कडाच दिसत नाहीत. मी नुसत्या कडा काढतो."

आता मामीबद्दल सांगायला हवं. कारखान्याच्या मागे दोघांचं घर, आणि त्या घरात मामी मुळातच हळू बोलणारी. ती काहीतरी सांगायची, मामा "काय म्हणालीस?" विचारायचे, ती पुन्हा सांगायची, मामा पुन्हा "काय?" म्हणायचे, आणि मग मामी म्हणायची, "काही नाही, जाऊ द्या." मामीच्या कितीतरी गोष्टी या 'जाऊ द्या'बरोबर गेल्या. शेजारणीच्या मुलीला लागलेली नोकरी, स्वप्नात हरवलेली चप्पल, दुधाच्या पिशवीत निघालेलं दही, हे सगळं मला जिन्यात ऐकायला मिळायचं. एकदा ती सरळच म्हणाली, "मला घरात गप्पा मारायला माणूस हवाय गं. आणि तो समोरच बसलेला असतो." मला फार वाईट वाटलं आणि मामांचा रागही आला.

त्याच रागात एके दुपारी मी खाली उतरले. डोकं ठणकत होतं. मामा पाठमोरे उभे राहून फळीवर खुणा करत होते. मी काही न बोलता माउस हातात घेतला आणि पाचही हात खरवडून काढले. गाणं जसं होतं तसं बाहेर आलं. इतकं गोड की मामी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तेवढ्यात मामा वळले.

"गाण्यावर रजई कुणी टाकली?"

मी मामीकडे पाहिलं, मामीने माझ्याकडे. दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. रेकॉर्डिंगला काही झालं नव्हतं. रंधा मारायच्या त्या किंचाळणाऱ्या मशीनने लाकडाबरोबर मामांचे कानही आयुष्यभर तासत आणले होते, आणि मामा बिचारे आपल्या कानांचं दुखणं गाण्यात दुरुस्त करत बसले होते.

कान दाखवायचं नाव काढल्यावर मामांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या कानांना काही झालेलं नाही. कान घरचे आहेत, गाणी बाहेरची. बिघाड कुठे असेल?" मी वाद घातला. तो वाया गेला. शेवटी मामी पुढे आली आणि तिला शोभणार नाही इतक्या मोठ्याने म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी बोलायचंय. रोज. ओरडून नाही." दुसऱ्या दिवशी मामा स्वच्छ शर्ट घालून, हाताची घडी घालून आमच्याबरोबर रिक्षात बसले.

कान तपासणारी मुलगी हसतमुख होती. कानावर हेडफोन चढवून म्हणाली, "आवाज आला की बटण दाबा." मामा बटण धरून बसले, बसले, आणि आम्हाला त्यांच्या अंगठ्याची दया यायला लागली. मग तिने एक छोटं यंत्र त्यांच्या कानामागे अडकवलं. मामांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा. "हे काही मी घालणार नाही," असं ते म्हणतच होते, तेवढ्यात तिने यंत्र जुळवायला आपल्या कॉम्प्युटरचा पडदा वळवला. पडद्यावर बटणांची रांग होती. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक.

मामांच्या हाताची घडी सुटली.

"हा इक्वलायझर आहे."

"साधारण तसंच, काका."

"उजवीकडची वर घ्या."

"तेच करतेय."

"म्हणजे हे कानात घालायचं प्लगइन झालं," मामा म्हणाले. "आधी का नाही सांगितलंत?"

मग त्यांनी खुर्ची ओढून थेट तिच्या शेजारी लावली. थोडं वर, जरा खाली, नाही, मघाचंच बरं होतं, असं दोघांचं चाललं होतं. मध्येच मामा दचकले. "हा कसला सरसर आवाज?" मुलगी म्हणाली, "तुमच्या बाहीचा." घरी येईपर्यंत मामा रिक्षात स्वतःची बाही चोळून ऐकत होते, आणि मामी बाहेर बघून हसत होती.

घरी आल्याआल्या त्यांनी कॉम्प्युटरवरची चादर ओढली आणि गाणं लावलं. पाच हात त्यांनी आदल्या संध्याकाळीच पुन्हा चढवलेले होते. मामा स्टुलावरून उडालेच.

"हे असं कर्कश? आणि तुम्ही दोघी हेच ऐकत होता?"

"हो," आम्ही एका सुरात म्हणालो.

मामा खजील झाले, पण फार वेळ नाही. त्यांनी एकेक हात उतरवायला घेतला, जुन्या खुर्चीवरचा रंग काढावा तसा, सावकाश. पाचवा काढला तेव्हा काहीच फरक पडला नाही. "हा उगाचच होता," ते पुटपुटले. मग नुसतं गाणं उरलं. मामा डोळे मिटून ऐकत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मागे कुणीतरी गुणगुणतंय. हे रेकॉर्डिंगमध्ये आधी नव्हतं."

त्यांनी एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. शेवटी गाणंच थांबवलं. गुणगुणणं मात्र आणखी अर्धी ओळ चालूच राहिलं. आतल्या दारात मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. शांतता कळली तशी ती थबकली.

"तू?"

"मीच. रोजच म्हणते."

"रोज? कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. तुमचं मशीन चालू असतं. कुणाला ऐकू जात नाही, म्हणून मोकळेपणी म्हणते."

मला वाटलं, आता मामांच्या डोळ्यांत पाणी येणार. पण मामा पडले कारागीर. मान तिरकी करून म्हणाले, "सूर जरा हललाय."

"मग लावा की एखादं पॉलिश," मामी म्हणाली.

मामांनी माउसवरचा हात काढून घेतला. "नाही. याला हात लावायचा नाही."

मग त्यांनी स्टूल उचललं आणि कपड्यांच्या ढिगाशेजारी नेऊन ठेवलं. "सकाळी निघताना तू काहीतरी सांगत होतीस आणि जाऊ द्या म्हणालीस. काय होतं ते?"

मामीने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला आणि नेहमीच्या हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. मी जिना चढून वर आले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खालून गाण्याचा आवाज आला नाही.