चावणारा बूट

पोलीस ठाण्यात त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. हवालदारकीत बावीस वर्षं गेली, पण जिना चढताना, जेवताना, बोलताना त्याने कधी घाई केली नाही. आता गुडघे कुरकुरू लागले होते आणि चौकात दिवसभर उभं राहणं जिवावर येत होतं.

तापलेल्या माणसाला हात न लावता शांत कसं करावं, याचं चार दिवसांचं प्रशिक्षण त्याने नुकतंच घेतलं होतं. त्याचा उपयोग झाला का, हे तपासायला पाहणीवाल्या बाई आल्या होत्या. प्रशिक्षण कामी आल्याचं ज्याचं उदाहरण पक्कं ठरेल, त्याला शिकवायचं काम मिळणार होतं. खुर्चीत बसून.

उदाहरण त्याच्याकडे होतं. बूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान रिकामं करवून घ्यायचं होतं. म्हातारा चामडं कापायची रापी उगारून दारात उभा राहिला. सावकाश पुढे गेलाच नाही. समोरच्या पायरीवर बसला, बूट काढला आणि करंगळी चोळत म्हणाला, ‘‘काका, हा मेला चावतो हो.’’

म्हाताऱ्याची नजर करंगळीवर गेली. मग त्याने बूट ओढून घेतला आणि रापी चालली ती बुटाच्या अस्तरावर.

‘‘बसलात, तो तिसरा धडा ना?’’ बाईंनी विचारलं.

‘‘गुडघे दुखत होते.’’

‘‘आणि बूट काढलात, तो चौथा. लक्ष दुसरीकडे वळवणं.’’

‘‘बूट खरंच चावत होता, बाई.’’

‘‘प्रशिक्षणाआधी असं केलं असतंत?’’

सावकाश विचारात पडला. पूर्वी एकदा त्याने अशाच एका माणसाचा हात पिरगाळला होता. आणि एकदा दुसऱ्याशी तासभर कबुतरांविषयी बोलत बसला होता.

‘‘होय किंवा नाही, एकावर खूण करा. उद्या सकाळी द्या.’’ बाईंनी फॉर्म पुढे सरकवला.

घरी बायको म्हणाली, ‘‘होय म्हणा नि मोकळे व्हा. घरात मात्र काडीचा फरक नाही, हवं तर मी लिहून देते.’’

सकाळी तो म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने आता एका जिन्याखाली बस्तान मांडलं होतं.

‘‘काका, त्या दिवशी मी बूट का काढला?’’

‘‘मला काय विचारता? पाय तुमचा.’’

‘‘तुम्हाला सोंग वाटलं का ते?’’

‘‘सोंग असतं तर बुटाला हात लावला नसता. करंगळी लालबुंद होती.’’ म्हाताऱ्याने दोरा दातांनी तोडला. ‘‘पण उभे राहिला असतात, तर ती दिसली नसती मला.’’

झालं. होता तो गुंता आणखी वाढला.

फॉर्मवरचे दोन्ही चौकोन त्याने कोरे ठेवले. खाली लिहिलं, ‘बूट खरंच चावत होता. बसलो कशामुळे, ते कळत नाही.’

‘‘हे मी कशात धरू?’’ बाई म्हणाल्या.

‘‘तेही कळत नाही.’’

फॉर्म बाद झाला. खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सावकाश पुन्हा चौकात उभा होता. गुडघे नेहमीसारखे ठणकत होते. करंगळी मात्र गप्प होती. जवळच एका दुकानाची पायरी होती. बसावं की नाही, याचा तो दुपारपर्यंत विचार करत राहिला.