गालिचा उलटा करणारा पाहुणा

माझं लग्न जमलं ते एका अनोळखी माणसाने सगळ्यांना गालिच्यावरून उठवलं म्हणून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सावद्याला आमच्या ओसरीवर बोलणी चालली होती. खाली आबांनी भुसावळला कुणा साहेबाच्या लिलावात घेतलेला जुना गालिचा होता. लग्न आमच्या सावद्याला की मुलाकडच्यांच्या धुळ्याला, यावरून माझा मामा एवढा तापला की आता उठून चालता होणार, हे मला दाराआडूनही दिसत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातला जाड चष्म्याचा पाहुणा म्हणाला, "उठा जरा सगळे."

सगळे उठले. त्याने गालिचा उलटा करून गाठींवरून बोटं फिरवली. रुमाल थुंकीने ओला करून लाल रंगावर घासला. रुमाल पांढराच राहिला.

"झाडपाल्याचा रंग, उभा-आडवा धागा लोकरीचा. कॉकेशसच्या डोंगरातला आहे, शंभरी ओलांडलेला. बसा आता. जड माणसांनी कडेला बसा."

मामाला रागाने उठायचं होतं, पण तो आधीच उभा होता. मुकाट्याने कडेला बसला. शेजारी तेवढेच जड माझे होणारे सासरे. खांद्याला खांदा लागल्यावर भांडण जमेना. लग्न मधल्या जळगावला ठरलं.

पोहे खाऊन पाहुणा गेला, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "हाऊ तुमना पाव्हना कोन शे?"

मामा म्हणाला, "आमचा? तो तर तुमच्याबरोबर आला ना?"

गालिचा कुठला, हे आज आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो माणूस कुठला, ते कुणालाच नाही. लग्नात दोन्हीकडच्या पंगतींत त्याच्यासाठी एकेक पान वाढून ठेवलं होतं.