सूर्यास्तानंतरचा डोस

मंचरच्या पेठेतले किराणा दुकानदार पोपटलाल यांची आई उगमबाई. राजस्थानातून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. पुढे त्या भाजीवालीशी अस्सल मंचरी बोलीत भांडू लागल्या. नियम मात्र माहेरचे, जैन रीतीचेच राहिले. दिवस मावळला की चौविहार. मग सकाळपर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या रात्रीही नाही.

अठ्ठ्याण्णवच्या चातुर्मासात तेलाच्या डब्याचा पत्रा त्यांच्या पायाला लागला. जखम एवढीशी, पण पोटरीपर्यंत पाय लाल झाला. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन जंतू मारणाऱ्या सिफॅलेक्सिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. दर सहा तासांनी, न चुकता. कॅप्सूलचं कवच जनावरापासून करतात असं उगमबाईंच्या कानावर आलेलं, म्हणून सून खुशबू आतली पूड साखरपाण्यात कालवून द्यायची. ती कडूजहर पूड त्या मुकाट्याने प्यायच्या. पण उजेड असेतोवरच.

"बाई, औषध आहे हो, जेवण थोडंच आहे?" खुशबूने हात जोडले.

"तोंडातूनच जातं ना? मग झालं. आणि पोपटला सांगितलंस तर याद राख."

खुशबूने नवऱ्याला काही सांगितलं नाही. लाली गुडघ्याकडे सरकली. उगमबाईंना हुडहुडी भरली, आणि त्या गेलेल्या नवऱ्याशी मारवाडीत बोलू लागल्या, तेव्हा खुशबू थांबली नाही. तिनेच डॉक्टरांना बोलावणं धाडलं. ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती.

पाय पाहून डॉक्टर गंभीर झाले. "रक्तात पसरलं तर पुण्याला हलवावं लागेल. डोस वेळेवर चाललेत ना?"

"एकदम टायमावर," पोपटलाल म्हणाले.

उगमबाई सुनेकडे टक लावून बघत होत्या. खुशबूने एकदा त्या लाल पायाकडे पाहिलं. बोललं तर या घरात आपल्याला जन्मभर टोमणे. नाही बोललं तर बाई जातील.

"रात्रीचे घेत नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "एकही नाही."

"आणि हे आत्ता सांगतेस?" पोपटलाल ओरडले.

"निदान सांगितलं तरी! अहो, रात्रभर जंतूंना मोकळं रान दिलंत." डॉक्टरांनी बॅग उघडली. "हे सेफ्ट्रायॅक्सोन. त्याच घराण्यातलं, पण शिरेतून द्यायचं. दिवसातून एकदा पुरतं. उद्यापासून दिवसाउजेडी देईन, आजचं मात्र आत्ताच."

"चातुर्मासाला आलेल्या महाराजसाहेबांना विचारून येतो, रात्री सुई चालते का," पोपटलाल म्हणाले.

"तेवढा वेळ नाही, शेठ."

उगमबाईंचे ओठ हलले. "तोंडातून काही जाणार नाही?"

"थेंबसुद्धा नाही, आजी."

"मग टोचा."

औषध सोसतं का ते पाहायला आधी कातडीखाली थोडंसं टोचून डॉक्टर थांबले. अंगावर गांधी उठल्या तर? धाप लागली तर? खुशबू त्या हाताकडे बघत राहिली. काही झालं नाही. मग त्यांनी शीर शोधली.

सूज उतरू लागली, तरी उगमबाई सुनेशी बोलेनात. पाण्याचा पेलासुद्धा लेकाकडून मागायच्या. एका सकाळी डॉक्टर सुई भरत असताना त्यांनी सुनेकडे मान वळवली.

"बीनणी, इकडे बस. हात धर माझा. तुझा हा डॉक्टर सुई बघून स्वतःच घाबरतो."

डॉक्टर हसले. खुशबूने हात धरला. तो किंचित गरम लागला. ताप आहे की नुसती ऊब, तिला कळेना.

"डॉक्टर," ती या वेळी लगेच म्हणाली, "आधी थर्मामीटर लावता का?"